चार तारा

संगणकाशी एखादे यंत्र जुळेना झाले की आपण सर्वांत महाग वस्तूवर आधी संशय घेतो. दोष मात्र पुष्कळदा सर्वांत स्वस्त वस्तूत असतो.

परवा आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलमधून संगणकावर उतरवायच्या होत्या. आजी आता नाही, आणि त्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रतही नव्हती. केबल जोडली. मोबाइल चार्ज होऊ लागला, पण संगणकाला तो दिसेना. कुणी म्हणाले, "मोबाइल फॉरमॅट कर." माझ्या पोटात गोळाच आला. कन्नड विभागातला मित्र म्हणाला, "तडी! थांब जरा. एका वेळी एकच गोष्ट बदलू." आधी पोर्ट बदलले, काही नाही. मग केबल बदलली, मोबाइलवर 'फाइल ट्रान्सफर' निवडले, आणि ओव्या पडद्यावर आल्या.

साध्या यूएसबी केबलीत 4 तारा असतात: 2 विजेच्या, 2 माहितीच्या. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या. त्यांत माहितीच्या ताराच नसतात. चार्जिंगची खूण विजेची साक्ष देते, संवादाची नव्हे. म्हणून मित्रहो, आधी केबल आणि पोर्ट पाहा. पुसून टाकण्याचा उपाय अगदी शेवटी, तोही प्रत काढल्यावरच!