भूपात नि नसतो

परवाच्या शनिवारी अप्पा बळवंत चौकात दोन तास काढले. भाचीचा हुकूम होता, "मामा, पेटी शिकायचं पुस्तक आण. चित्रांचं आण." भाची नऊ वर्षांची. तिच्यापुढे आमच्या कंपनीच्या क्लायंटचं काहीच चालणार नाही, माझी तर गोष्टच सोडा.

तीन दुकानं फिरलो. 'लहान मुलांसाठी संगीताचं पुस्तक' म्हटलं की दुकानदार एकतर बटण दाबल्यावर पियानो वाजवणारं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पुढे करतो (वय वर्षे दोन, भाचीने माझ्याच डोक्यात मारलं असतं), नाहीतर परीक्षेचं गाईड. तिसरा पर्याय म्हणजे हार्मोनियम गाईड, सिनेमाची गाणी आणि त्यांचे स्वर. शेवटी परीक्षेचं गाईड उघडलं. पहिल्याच पानावर नाद म्हणजे काय, स्वर म्हणजे काय, सप्तक म्हणजे काय. उत्तरं दोन-दोन ओळींची, पाठ करायला सोयीची. पोटात खड्डा पडला, कारण असलंच एक पुस्तक माझ्याकडेही होतं. आणि त्या पुस्तकाने मी एक मोठा पराक्रम करून ठेवलाय. तो आजवर कुणाला सांगितलेला नाही.

आमचं गाव धावडा. भोकरदन तालुका, जिल्हा जालना, अजिंठ्याच्या डोंगराच्या अंगाला. पलीकडे बुलढाण्याची हद्द. शाळेची सहल ठरलेली : अजिंठा लेणी. एक नंबरच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक बाई नाचतेय आणि भोवती बायका वाद्यं वाजवतायत, बासऱ्यासुद्धा आहेत. आम्ही पोरं ते बघून 'ऑर्केस्ट्रा, ऑर्केस्ट्रा' म्हणून ओरडलो होतो आणि सरांनी पाठीत धपाटे घातले होते. लेण्यात ऑर्केस्ट्रा, पण गावात पेटी शिकवणारं कुणी नाही. होते ते आमचे काका. भजनी मंडळात पेटीवर बसायचे. शेती, मिरची, कापूस आणि संध्याकाळी पेटी. कुणाकडे शिकले विचारलं तर म्हणायचे, "ऐकून ऐकून." नोटेशन त्यांना वाचता येत नव्हतं. काळी चार धरायची आणि सुरू.

मी दहा वर्षांचा असताना ते कामानिमित्त जालन्याला गेले आणि येताना माझ्यासाठी पातळसं पुस्तक घेऊन आले. सुरुवातीच्या परीक्षांचं. स्वतःला त्यातलं काही कळत नसताना. "तू शीक पुस्तकातून, मला काही ते जमत नाही," एवढंच म्हणाले.

मी शिकलो. म्हणजे पाठ केलं. भूप राग, औडव जाती, म आणि नि वर्ज्य, वादी ग, संवादी ध. झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं.

मग आला सप्ताह. रात्रीचं भजन, मांडव भरलेला, काका पेटीवर. त्यांची एक ठेवणीतली चाल होती, सगळ्या गावाला तोंडपाठ. मी शेजारी पुस्तकी चेहरा करून बसलेलो. चाल भूपासारखी चाललेली आणि वरच्या सा वरून खाली येताना काकांच्या बोटाने नि ला हात लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. अभंग संपल्यावर मी सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हणालो, "काका, तुमचं चुकतंय. भूपात नि नसतो. पुस्तकात आहे."

मृदंगवाले हसले. टाळकऱ्यांतला एक जण म्हणाला, "आता पोरगं शिकवतंय बुवाले." काकाही हसले. "काहून रे, पुस्तकात नाही का? मग नसंल," म्हणाले. पुढच्या अभंगाला त्यांनी ती चाल घेतली नाही. त्या सप्ताहातच नाही घेतली.

असो. थोडा इतिहास सांगतो, कारण मला तो नंतर कळला आणि कळल्यावर जास्तच लाज वाटली.

आपल्याकडे मुलांच्या हातात गाण्याचं छापील पुस्तक देणं ही एके काळी चक्क बंडखोरी होती. विद्या गुरूच्या घरी, तीही मर्जी असेल तर. बडोद्यात मौलाबक्ष यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा काढली, तिथे नोटेशनवरून शिकवणं सुरू झालं. मग विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म कुरुंदवाडचा, १८७२ चा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळा मागे पडली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. या माणसाने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि मुलांसाठी 'संगीत बालप्रकाश', 'संगीत बालबोध' अशी पुस्तकं लिहिली. ज्याला स्वतःला धड दिसत नव्हतं त्याने पोरांनी वाचून गावं म्हणून पुस्तकं काढली, यावर मी बराच वेळ विचार करत बसलो होतो.

दुसरे विष्णु म्हणजे भातखंडे. पेशाने वकील. देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या, दीड हजारांहून जास्त. त्यांचं नोटेशन म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर अतिशय हलका फाइल फॉरमॅट. कोमल स्वराला खाली आडवी रेघ, तीव्र म ला वर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. एका मात्रेत दोन स्वर कोंबायचे तर खाली कंस. झालं! नऊ वर्षांच्या पोरीला एका दुपारी येतं. पलुस्करांच्या पद्धतीत प्रत्येक स्वर किती वेळ धरायचा याच्या वेगळ्या खुणा होत्या. ती जास्त काटेकोर, पण भातखंड्यांची सोपी म्हणून सगळीकडे पसरली. सोपं जिंकतं, हे आमच्या धंद्यात रोज बघतो.

आणि त्यात लक्षणगीतं आहेत. म्हणजे रागाचे नियमच शब्दांत घालून त्याच रागात बांधलेलं गाणं. 'चतुर' या नावाने भातखंड्यांनी स्वतः रचलेली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. कोड आणि कॉमेंट एकच! व्याख्या पाठ करायची नाही, गायची. म्हणजे मुलांनी व्याख्या घोकू नयेत याची सोय त्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली होती आणि आपण गाईडमध्ये परत 'दोन ओळींत उत्तरे लिहा' करून टाकलं.

(क्रमिकचे हिंदी भाग पुण्यात मिळतात, हाथरसच्या संगीत कार्यालयाचे. ही संस्था काढली हास्यकवी काका हाथरसींनी, १९३२ मध्ये. कवीने विनोद सोडून बाकी आयुष्य नोटेशन छापण्यात घालवलं हे वाचून मला फार बरं वाटतं.)

आता मुद्द्यावर. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी मित्राने सवाईला नेलं. संध्याकाळची वेळ, गायकाने शुद्ध कल्याण सुरू केला. मला आधी वाटलं भूपच आहे. चढताना अगदी भूपाचेच स्वर. आणि मग वरच्या सा वरून ध वर येताना, मधे, घसरत, नि. नुसता स्पर्श. परत. परत. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ही तर काकांची चाल!

शुद्ध कल्याणात चढताना म, नि नाहीत, उतरताना मात्र ते मींडेत येतात, सा वरून ध ला येताना नि आणि प वरून ग ला येताना तीव्र म. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. पेटीवर मींड येत नाही, पट्टी एकतर दाबलेली असते नाहीतर नसते. (याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली.) मग पेटीवाल्याने काय करायचं? मधल्या पट्टीवरून बोट निसटतं फिरवायचं. काका तेच करत होते. पुस्तक न वाचता, रागाचं नाव माहीत नसताना. आणि शुद्ध कल्याण माझ्या त्या पातळ पुस्तकात नव्हताच. तो क्रमिकच्याही बऱ्याच पुढच्या भागात येतो. माझं पुस्तक बरोबर होतं. फक्त ते पहिलं पुस्तक होतं, आणि मी ते शेवटचं समजलो होतो.

काकांना फोन करून सांगायचं ठरवलं. मग रिलीज आलं, मग दुसरं रिलीज आलं. समोर गेल्यावर सांगू म्हटलं. तीन दिवाळ्या गेल्या. गेल्या वर्षी कार्तिकात, काकडा चालू असताना, काकांना पहाटे अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणंही गेलं.

तर भाचीसाठी पुस्तक घेतलंच नाही. दोनशेपानी कोरी वही घेतली, रंगीत पेन्सिली घेतल्या आणि मृगाच्या तोंडावर चार दिवस सुट्टी टाकून धावड्याला गेलो. ताई आणि भाची आलेल्याच होत्या. म्हटलं, चल, पुस्तक तूच काढ.

पहिलं पान : कोयीची पिपाणी. मोरीच्या पाण्यावर उगवलेली आंब्याची कोय उपटायची, वरचं कवच काढायचं, आतल्या गराचं एक टोक दगडावर घासायचं आणि दोन दलांच्या फटीतून फुंकायचं. पहिल्या तीन कोयी वाया गेल्या. चौथी अशी पिरपिरली की शेजारची म्हैस बिथरली. भाचीने म्हशीचंही चित्र काढलंय.

दुसरं पान जास्त भारी झालं. स्वयंपाकघरातल्या सहा वाट्या, त्यात कमीजास्त पाणी, चमच्याने वाजवायचं. पाणी वाढवलं की आवाज खाली जातो. मग तिने काचेची बाटली घेतली आणि तोंडावरून फुंकलं. पाणी वाढवलं तर आवाज वर गेला! "मामा, हे उलटं आहे. यातलं खरं कोणतं?" मी लगेच इंजिनिअरिंगवर जाणार होतो, पण गप्प बसलो. पंधरा मिनिटं ती वाटी-बाटली, वाटी-बाटली करत होती. शेवटी म्हणाली, "वाटीत वाटी हलते. बाटलीत हवा हलते. पाणी भरलं की वाटी जड होते आणि हवेला जागा कमी होते." मी पदवीला हे शिकलो तेव्हा याच्या अर्धंही कळलं नव्हतं. दोन ओळींतलं ते 'नाद कंपनापासून उत्पन्न होतो' मी कितीदा लिहिलं असेल परीक्षेत, वाटीला हात लावून एकदाही बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आबांची चाल लिहायची ना?"

माझ्या फोनवर काकांच्या दोन क्लिपा होत्या, टाळांच्या गोंगाटात बुडालेल्या. हेडफोन लावून एकेक ओळ काढली. आठ मात्रांचा भजनी ठेका, तिने चौकोन आखले, मी स्वर सांगितले, तिने लिहिले. त्या जागेवर आल्यावर ती थांबली. "मामा, हा नि कुठे लिहू? याला मात्राच उरली नाही." म्हटलं, ध च्या डोक्यावर, बारीक अक्षरात. कणस्वर तसाच लिहितात. तिने इतका बारीक लिहिला की मला चष्मा काढून बघावा लागला.

संध्याकाळी पेटी काकांच्या खाटेजवळ नेली. काका उशाला टेकून बसलेले. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली, त्या नि वर बोट ठेवलं आणि म्हणालो, "काका, हा शुद्ध कल्याण आहे. तुमचं बरोबर होतं. मला उशिरा कळलं." त्यांना किती समजलं माहीत नाही. त्यांनी वहीकडे पाहिलं, म्हशीचं चित्र आधी दिसलं बहुतेक, कारण हसले.

भाची पेटीपुढे बसली, पण तिचा डावा हात भात्यावर टिकेना, एकीकडे भाता आणि एकीकडे सूर, दोन्ही होईना. तेवढ्यात काकांनी डावा हात पुढे केला. त्यांचा डावा हात शाबूत आहे. भाता तर डाव्या हातानेच मारतात. ताईने पेटी सरकवून दिली. काका भाता मारायला लागले, एकसारखा, जुन्या सवयीने, आणि भाची उजव्या हाताने वहीत बघून एकेक पट्टी दाबत निघाली. बोलता न येणारे काका घशातल्या घशात चाल गुणगुणत होते. बोलणं गेलं तरी गाणं उरू शकतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, पण आम्ही कुणी पेटी जवळ नेऊन बघितलंच नव्हतं.

वरच्या सा वरून उतरताना भाचीने नि खणखणीत दाबला. काकांनी भाता थांबवला आणि मान हलवली. नाही.

तिने परत दाबला, जरा हळू. परत मान. नाही.

तिसऱ्यांदा तिचं बोट नि वरून नुसतं घसरून ध वर आलं. काकांनी भाता थांबवला नाही.