पिवळ्या गुळाची किंमत

गुळाचा रंग पाहून गूळ घेऊ नये, हे मला माझ्या छातीनं शिकवलं.

दमा मला लहानपणापासून आहे. शिराळ्याचा पावसाळा दमेकऱ्याला सोपा नसतो. चांदोलीकडून पाऊस सुरू झाला की भिंती ओलावायच्या आणि माझी रात्रीची झोप जायची. अशा वेळी आजीचा उपाय ठरलेला असे, सुंठ आणि गूळ. त्या गुळानं मला कधी त्रास झाल्याचं आठवत नाही. नागपंचमीला घरात चिरायचं-तळायचं नाही म्हणून पुरणाची दिंडं वाफवत. त्यांतलं पुरण चांगलं तपकिरी असायचं आणि मी ती पोटभर खायची.

तो गूळ कुठून येतो हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. वारणेच्या काठाला दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटायची. एकजण चुलवाणात चिपाडं सारत राही, दुसरा काहिलीवरची मळी काढत राही. रानभेंडी ठेचून पाण्यात भिजवलेली असे. तिचा बुळबुळीत रस उकळत्या उसाच्या रसात पडला की घाण गोळा होऊन वर तरंगे. थोडी चुन्याची निवळी घालत, आणि मग सगळं गुळव्याच्या नजरेवर. गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून तो बोटांनी गोळी वळून बघायचा. गोळी जमली की काहील वाफ्यात रिकामी होई. त्याच्या आधीच आम्हा पोरांच्या वाट्यांत काकवी पडलेली असे. ढेप निघायची ती लालसर, कधी जमीन काळी असेल तर आणखी गडद.

पुढं नोकरीसाठी पुण्यात आले आणि गूळ दुकानातून यायला लागला. लिंबासारखा पिवळा, दिसायला सुंदर. खोकल्यावर आजीचाच उपाय करायचे आणि रात्री श्वास आणखी अडकायचा. डॉक्टर औषधं वाढवत गेले. बरीच वर्षं धूळ, थंडी, परागकण यांवरच संशय राहिला. मग छातीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, ‘‘बेदाणे खाल्ल्यावर काय होतं?’’ मी गप्प झाले. सांगली जिल्ह्यातल्या माणसाच्या घरी बेदाण्याला तोटा नसतो, आणि माहेराहून आलेल्या प्रत्येक डब्यानंतर माझा पंप जास्त चालला होता.

कारण होतं गंधक. तासगावकडच्या शेडवर द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून वाळवतात, आणि पिवळाधमक रंग यावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. गुळात रंग उजळायला हायड्रोस घालतात, सोडियम हायड्रोसल्फाइट. काहिलीत पावडर पडली की रस बघता बघता पिवळा होतो. दोन्हीकडं मागं उरतात ती सल्फाइटं. बहुतेक लोकांना त्यांचं काही वाटत नाही. दमेकऱ्यांपैकी काहींच्या मात्र तेवढ्यानं श्वासनळ्या आवळतात. ही नेहमीची ॲलर्जी नसल्यानं कातडीवरच्या चाचणीत ती बहुधा सापडत नाही. संशयित पदार्थ बंद करून बघावे लागतात. पुन्हा खाऊन बघायचं ते मात्र डॉक्टरांसमोरच; दमा असलेल्यांनी घरी हा प्रयोग करूच नये. अमेरिकेत 1986 साली कच्च्या फळभाज्यांवर सल्फाइट वापरायला बंदी आली, ती माणसं दगावल्यानंतर.

त्यानंतर माझी खरेदी बदलली. बिस्किटाच्या पुड्यावर 223 दिसला की पुडा परत. 220 ते 228 हे सल्फाइटांचे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. लिंबाचं, करवंदाचं सरबत कुणी आपुलकीनं पुढं केलं तर आधी विचारते, केएमएस घातलंय का? पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची ती चिमूट बायकांच्या प्रशिक्षण वर्गांतूनही शिकवली जाते, त्यामुळं ‘घरचं आहे’ एवढ्या उत्तरावर माझं भागत नाही.

सगळ्यांत विचित्र गोष्ट अशी की कारखान्यातून आलेलं बिस्किट मला निदान सांगतं. आपल्या देशाच्या 2020 च्या लेबल नियमांनुसार सल्फाइट किलोला 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर पाकिटावर तसं लिहावं लागतं. पण बाजारात सुतळीनं बांधलेल्या ढेपेवर, पोत्यातून मापलेल्या बेदाण्यावर काहीच लिहिलेलं नसतं. साधं खा, कमी प्रक्रियेचं खा, असं सगळे सांगतात. मीही तेच सांगते. पण ज्यांना आपण साधं समजतो, त्या सुट्या वस्तूच मला अधिक बाधल्या आहेत.

हायड्रोससाठी गुऱ्हाळवाल्याला दोष देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सौद्यात पिवळ्या गुळाला भाव चढा मिळतो आणि काळपट ढेप मागं पडते, मग त्यानं काय करावं? ऊस, मजूर, सरपण यांचा खर्च दोन्ही गुळांना सारखाच. भेंडीचा रस काढायला माणूस लागतो आणि पावडर पुडीत मिळते. पिवळा रंग गिऱ्हाइकानं मागितला म्हणून काहिलीत आला. आता तर काही ठिकाणी गुळात साखरही मिसळतात, आणि आपली बरीचशी पांढरी साखरही गंधकाच्या धुरानंच स्वच्छ केलेली असते.

शिराळ्याला गेले की आता मी गूळ ओळखीच्या गुऱ्हाळावरूनच घेते. आदण चालू असताना उभी राहते, भेंडी आहे का बघते. दुकानातून घ्यायची वेळ आली तर निव्वळ काळ्या रंगावरही विसंबत नाही, कारण रंग जमिनीवर आणि उसाच्या जातीवरही अवलंबून असतो, आणि ‘सेंद्रिय’ हा शब्द कुणीही पाटीवर लिहू शकतो. बेदाणा धुरी न दिलेला, तपकिरी, माहितीतल्या बागायतदाराकडूनच. तो थोडा आंबूस लागतो, आणि रात्री झोप लागते.

तुमच्या घरात कुणाला दमा असो वा नसो, पुढच्या वेळी दुकानात ढेप निवडताना एवढं विचारा, हा गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा आणि यात पावडर आहे का? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर त्याला ते शोधायला लावा. आणि पावडर न घातलेली काळपट ढेप मिळाली, तर तिला पिवळ्या ढेपेपेक्षा चार पैसे जास्त द्या.