लाख लावलेला काटा



दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंच्या जुन्या पेटीतून यंदा एक लाकडी डबी निघाली. चष्म्याच्या डबीपेक्षा थोडी मोठी. आत कोरलेल्या खाचांमध्ये वीतभर दांडी, दोन छोटी पितळी पारडी, रेशमी दोरे आणि एका बाजूला चार चपटी वजनं. खिशात घालून बाजाराला न्यायचा सोन्याचा काटा होता तो. आजेसासरे आरमोरी, वडसा, चामोर्शीकडच्या बाजारांना बैलगाडीने जायचे. तिथे कोणी गिन्नी मोडायला आणे, कोणी पुतळी गहाण ठेवी. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. त्याआधी सगळा चांदाच.

पुतण्याने लगेच फोटो काढले. म्हणाला, “काकू, हा इंग्रजी काटा आहे. परदेशात याला खूप पैसे मिळतील.” दोन दिवसांनी जुन्या वस्तू घेणारा एक जण घरी आला. त्याने काटा उचलला, पारडी उलटी करून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. “काटा खोटा आहे. हे बघा, डाव्या पारड्याखाली लाख लावली आहे. याचे पितळेचेच पैसे येतील.”

खरंच गव्हाच्या दाण्याएवढी लाख होती. भाव पाडायला तो तसं बोलला असेल, हे मला कळत होतं. पण सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या एकदम गप्प झाल्या. रात्री म्हणाल्या, “लाखेचा व्यापारसुद्धा श्रावकाने करू नये म्हणतात, त्यात जीव मरतात. आणि आपल्या घरात ती लोकांना फसवायला वापरली? याची पूजा करायची नाही आणि विकायचाही नाही. आधी खरं काय ते बघ.”

तुम्हाला माहीतच आहे, अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे हीनाधिकमानोन्मान. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात तो येतो. देताना कमी माप, घेताना जास्त माप. दरोडा घातला नाही तरी ही चोरीच. बाजाराला येणारी माणसं कोण होती? शेतकरी, आदिवासी बाया, अडीअडचणीत अंगावरचं मोडणारे. काटा खोटा असेल तर त्यांचं काहीतरी आमच्या घरात आलं होतं.

मी काटा घेऊन आमच्या नेहमीच्या सराफकाकांकडे गेले. पुतण्याही बरोबर होता.

काकांनी आधी त्याचं म्हणणं खोडून काढलं. इंग्लंडहून येणाऱ्या खिशातल्या काट्याला बहुधा दोन पारडी नसतात. घडी उघडली की एक छोटी दांडी वर येते, तिच्या एका टोकाला वजन कायमचं बसवलेलं असतं. दुसऱ्या टोकावर नाणं ठेवायचं. वजन पुरं असेल तर दांडी कलते, कमी असेल तर हलत नाही. शेजारी नाणं सरकवून बघायला एक फट असते. सोन्यापेक्षा हलक्या धातूचं नाणं तेवढ्याच वजनाचं करायचं तर ते जाड किंवा मोठं करावं लागतं, मग ते फटीत अडकतं. आमचा काटा तसा नव्हता. तो आपल्याकडच्या सराफांचाच, बोटांत दोरा धरून तोलायचा.

मग वय. त्यावर नाव नाही, साल नाही. काका म्हणाले, “वहिनी, वजनंच बोलतील.” त्यांनी ती आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. एक भरलं ११.६६ ग्रॅम, म्हणजे तोळा. हा १८० ग्रेनचा तोळा इंग्रजांनी १८३३ साली ठरवला. १८३५ पासूनचा चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा, म्हणून खेड्यापाड्यांत रुपयाच तोळ्याचं वजन म्हणून वापरत. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेला १८५४ साली. दुसरी चकती भरली ७.९८ ग्रॅम. ती गिन्नीची, म्हणजे सॉव्हरिनची. १८९९ मध्ये सॉव्हरिन आपल्याकडे १५ रुपयांना कायदेशीर चलन झालं आणि १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडलं गेलं. दशमान वजनांचा कायदा आला १९५६ साली. म्हणजे गिन्नीचं वजन बाळगणारा हा काटा बहुधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा.

आता लाख. काकांनी दोरा धरून काटा उचलला. रिकामी पारडी अगदी सरळ राहिली. मी सुटकेचा श्वास सोडला, तर ते म्हणाले, “थांबा. खोटा काटासुद्धा रिकामा सरळच दिसतो. दांडीचा एक हात लांब ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला थोडी लाख लावून रिकामा काटा सरळ करायचा. गिऱ्हाइकाला कळत नाही.” माझ्या पोटात गोळा आला.

त्यांनी दोन्ही पारड्यांत १०-१० ग्रॅमची वजनं ठेवली. काटा सरळ. मग वजनांची अदलाबदल केली. तरीही सरळ. “दोन्ही हात सारखे आहेत. उजव्या पारड्याला डाग दिलेला दिसतोय, त्याने ते जड झालं. म्हणून डावीकडे लाख. हा पासंग आहे. काटा खरा राहावा म्हणून लावलेला. तो काढू नका, आणि चिंच लावून घासूही नका. घासलं की वजनं झिजतात आणि जुन्या वस्तूची किंमतही जाते.”

पासंगाला पुरत नाही, असं आपण सहज म्हणतो. पासंग म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं.

पण गोष्ट इथे संपली नाही. उरलेल्या दोन वजनांपैकी एक अर्ध्या तोळ्याचं होतं, बरोबर. दुसरं दिसायला तोळ्याचंच, पण भरलं ११.९० ग्रॅम. दोन गुंजा जास्त. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आपल्या जंगलातल्या वेलीवर येणाऱ्या त्या लाल बिया, काळ्या डोळ्याच्या. तशा दोन बियांएवढा फरक.

“हे कशाला असेल?” मी विचारलं.

काका थोडं थांबले. “पूर्वी गावोगावचे तोळे वेगळे असत. दुसऱ्या गावचं असेल. किंवा...” पुढचं ते बोलले नाहीत.

मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. लपवलं नाही. त्यांनी ते जड वजन तळहातावर घेतलं. म्हणाल्या, “सोनं देताना हे लावलं असेल तर पुण्य. घेताना लावलं असेल तर पाप. वजन एकच, हात कोणता होता ते आता कोण सांगणार?” त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात मिच्छामि दुक्कडं म्हणताना त्यांचा आवाज जड झाला होता.

काटा विकला नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, त्या परस्पर परदेशी पाठवता येत नाहीत, हे पुतण्यालाही सांगितलं. लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी काटा ठेवला, लाखेसकट. जड वजन मात्र सासूबाईंनी वेगळ्या कागदात बांधून ठेवलं आहे.

मागच्या आठवड्यात गडचिरोलीकडची चारोळीवाली दारात आली. ती डब्याने मोजून देते. सवयीने मी म्हणाले, “अगं, वर टाक अजून थोडी.” आतून सासूबाईंचा आवाज आला, “राहू दे. डबा भरला ना, बास.”

मी हात मागे घेतला. चारोळीवाली हसली आणि स्वतःहून एक चिमूट वर टाकली. तिला त्या चिमटीचे पैसे देताना कितीतरी वेळ हुज्जत झाली.