कॅमेरा घेऊन दर्यापुरात

मुंबईचे माझे एक स्नेही दर्यापूरचे नाव ऐकताच म्हणाले होते, "वा! म्हणजे रोज संध्याकाळी दर्यावर फिरायला जात असाल!" मी त्यांना सांगितले, की आमच्या गावी दर्या नाही, पण त्याची चव मात्र आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात आमचे दर्यापूर येते. विहीर खणावी तर पाणी खारे लागते. गावाच्या अंगाने चंद्रभागा जाते. ही पंढरपूरची नव्हे. चिखलदऱ्याकडच्या डोंगरातून उतरून पुढे पूर्णेला मिळणारी. उन्हाळ्यात ती वाहते असे म्हणणे, हा केवळ व्याकरणाचा उपचार असतो.

बाकी पाहुण्याला दाखवावे असे गावात फारसे काही नाही. डोंगर नाही, धबधबा नाही. नजर जाईल तिथवर सपाट काळी जमीन; तीवर कपाशी, तूर आणि हरभरा; धुऱ्यावर एखादे निंबाचे किंवा बाभळीचे झाड. पावसाने आकाश धुऊन निघाले, की उत्तरेला अंजनगावच्या बाजूने सातपुड्याची निळी रेघ दिसते, एवढेच. अशा गावात राहून मला फोटोग्राफीचा नाद लागला आणि तो गेली तीस वर्षे सुटलेला नाही. महाविद्यालयात मराठी शिकवून उरलेला वेळ आणि घरखर्चातून उरलेला पैसा (खरे म्हणजे न उरलेलाच) मी या नादात घातला आहे.

नादाचे मूळ वडिलांच्या कपाटात होते. त्यांच्याजवळ आग्फाचा 'क्लिक थ्री' हा पेटीसारखा कॅमेरा होता. एका रोलवर बारा फोटो निघत आणि ते बारा फोटो आमच्याकडे वर्षभर पुरवले जात. बारसे, मुंज, गौरी, कुणाची बदली झाली तर निरोपाचा एक. झाडाचा किंवा आकाशाचा फोटो काढणे ही वडिलांच्या मते उधळपट्टी होती. त्या बारांतला एक मी चोरला. मूर्तिजापूरच्या स्टेशनात उभ्या असलेल्या शकुंतलेचा.

शकुंतला म्हणजे आमची अडीच फुटी रुळांवरची आगगाडी. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला जाई आणि दुसरा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत टाकलेला हा मार्ग, आणि स्वातंत्र्यानंतरही त्याची मालकी विलायतेतल्या कंपनीकडेच राहिली, ही गोष्ट बाहेरच्यांना खोटी वाटते. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन या गाडीने १९९४ पर्यंत वापरले. ते काढणार असे ऐकल्यावर मी कॅमेरा पिशवीत लपवून गेलो. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात धूर होता, एका खलाशाचा हात होता आणि इंजिनाचे फक्त पुढचे चाक होते. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तो फोटो अल्बमात मुंजीच्या शेजारी चिकटवला. आता गाडीही बंद पडली आहे, रुळांमध्ये गवत वाढले आहे, आणि त्या एका चाकाची किंमत मला फार वाटते.

नोकरी लागल्यावर हप्त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला आणि मग माझे निरनिराळे अवतार सुरू झाले. पहिला अवतार निसर्गचित्रकाराचा. पुस्तकांतले निसर्गफोटो हिमालयात किंवा कोकणात काढलेले असतात. आमच्याकडे काळी माती आणि पांढरा कापूस. या दोहोंना एका चौकटीत बसवणे किती कठीण आहे, हे ज्याने केले त्यालाच कळेल. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे जग करडे आहे असे धरून चालतो. त्याला काळी जमीन दाखवली, की तो बिचारा घाबरून जास्त उजेड आत घेतो आणि आमची काळीभोर माती चुलीतल्या राखेसारखी येते. कापूस दाखवला, की तो उजेड तोडतो आणि कापूस मळक्या धोतरासारखा दिसतो. मापकाचे न ऐकता आपल्या डोळ्याचे ऐकायचे, हे शिकायला मला दोन हंगाम लागले.

दिवाळीनंतर वेचणी ऐन भरात असते. सूर्य लवकर कलतो, हवेत धूळ असते आणि त्या धुळीतून येणारा उजेड तांब्यासारखा होतो. २००७ साली अशाच एका संध्याकाळी लासूरच्या रस्त्याला एक गृहस्थ पाठीवर कापसाचे बोचके घेऊन येताना दिसले. मी त्यांना धुऱ्यावर उभे केले, सूर्य त्यांच्या मागे घेतला आणि जरा वळायला सांगितले. त्यांनी विचारले, "चेहरा येईन नं सर?" मी म्हणालो, "येईल की!" येणार नव्हता, हे मला ठाऊक होते. मला हवी होती ती काळी आकृती, बोचक्याच्या कडेला पेटलेली कापसाची किनार आणि मागे लाल आभाळ. फोटो साधला. त्यांनी मग टोपी सरळ केली, बोचके खाली ठेवले आणि माझ्याकडे तोंड करून ताठ उभे राहिले. त्यांच्या समाधानासाठी तसाही एक काढला.

त्या काळ्या आकृतीला पुढे एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. मोठी प्रत काढून मी ती बैठकीत लावली.

बक्षिसाने माणूस बिघडतो. मी लगेच पुढच्या अवताराकडे वळलो. लासूरला आनंदेश्वराचे यादवकालीन, हेमाडपंती देऊळ आहे, काळ्या दगडाचे. त्याच्या मंडपाचा मधला भाग वर आकाशाला उघडा आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप ज्यांनी पाहिला असेल, त्यांना कल्पना येईल. वरून पडणारा उन्हाचा तुकडा सकाळभर या खांबावरून त्या खांबावर सरकत राहतो आणि एकेक नक्षी जागी होते. देवळाचा फोटो म्हणजे तिपाई, धीर आणि सरळ रेघा. कॅमेरा थोडा वर उचलला की खांब मागे कलंडतात. एकदा एक म्हातारी खांबाला टेकून बसली होती. ती चौकटीतून जावी म्हणून मी पाऊण तास ताटकळलो. ती गेली, पण ऊनही गेले. आज वाटते, ती असतानाच काढायला हवा होता.

मग पक्षी. आमच्या जिल्ह्यात मेळघाट आहे, त्यामुळे हा मोह टळणे अवघड. त्यातून रानपिंगळ्याची गोष्ट कानावर आलेली. १८८४ नंतर कुणालाच न दिसलेला हा पक्षी संपला असे धरून चालले होते, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकन अभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या जंगलात सापडला! पुढे मेळघाटातही तो आढळला. तेव्हा मीही भाड्याची लांब भिंग घेऊन तीन दिवस तिकडे फिरलो आणि एका घुबडाचे चाळीस फोटो काढले. जंगलरक्षकाने ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले आणि अत्यंत आदराने सांगितले, की साहेब, हा साधा पिंगळा आहे, तो तुमच्या कॉलेजच्या आवारातही असेल. होता. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी दिसला. पक्ष्यांचा नाद मी तिथेच सोडला. त्याला जेवढा पैसा लागतो तेवढाच वेळ लागतो आणि माझ्याकडे दोन्ही नाहीत.

घराबाहेर पडायचेच नाही असा एक प्रकार राहिला होता. त्यासाठी मी चाळीसगावला जाऊन आलो. केकी मूस (१९१२–१९८९) हे छायाचित्रकार तिथल्या आपल्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षे कोंडून घेतल्यासारखे राहिले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, दिवे लावायचे आणि त्यातून अख्खे जग उभे करायचे, ही टेबल-टॉप छायाचित्रणाची कला त्यांनी अशी वाढवली, की देशोदेशींची बक्षिसे त्या आडगावच्या घरात चालत आली. स्टेशनालगतचे ते घर आता संग्रहालय आहे. कुणाची तरी वाट पाहत ते रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला दार उघडे ठेवत, असे सांगतात. मी त्या दाराशी बराच वेळ उभा होतो.

परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर कापूस पसरून मी हिमालय केला. पण आमचा कापूस सरकीसकट. हिमालयावर उंदरांच्या लेंड्या पडल्यासारखे दिसू लागले. रात्री साडेनऊपर्यंत कुणाला जेवता आले नाही. सौभाग्यवती त्या हिमालयाकडे पाहत शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या फोटोंत माणसं का नसतात हो?" मी म्हणालो, "बैठकीत लावलाय की तो, बोचकेवाला." त्या म्हणाल्या, "तो माणूस आहे होय? मला वाटलं, संध्याकाळ आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २००९ च्या पावसाळ्यात, पहिल्या वर्षाचा एक मुलगा घरी आला. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. "सर, तुमच्यापाशी आमच्या बाबाचा फोटो हाये म्हणे." बोलता बोलता त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली. वडील तीन आठवड्यांपूर्वी शेतात साप चावून गेले होते. घरात त्यांचा चेहरा असा एकच होता, मतदार ओळखपत्रावरचा, नखाएवढा. स्टुडिओवाल्याने तोच मोठा करून त्याला नवा शर्ट आणि गंध लावून दिले होते. "पण ते बाबा वाटतच नाही सर," तो म्हणाला. "बाबा सांगे का सरनं दोन फोटो काढले. एक तोंडाकडून काढेल हाये."

तोंडाकडून काढलेला तो फोटो मी पुसून टाकला होता. त्या काळी कॅमेऱ्यातले कार्ड महाग असे, जागा थोडी असे. बक्षीस मिळण्याजोगा तेवढा ठेवून बाकीचे काढून टाकायचे, हा माझा शिरस्ता होता. 'साधा फोटो' म्हणून मी तो एका बोटाने घालवला होता. मुलाला मी म्हणालो, शोधून ठेवतो. हे दुसरे खोटे. रात्री संगणकावर बसून मी त्या काळ्या आकृतीचा चेहरा उजळून पाहिला. उजेड वाढवत गेलो तसतसे काळ्याचे करडे झाले आणि करड्यात नुसते ठिपके. नाक नाही, डोळे नाहीत. जिथे उजेड घेतलाच नव्हता, तिथून तो काढणार कुठून?

शेवटी मुलाला मी खरे सांगितले. तो काही बोलला नाही. भिंतीवरची प्रत उतरवून, कागदात गुंडाळून त्याच्या घरी घेऊन गेलो. त्याच्या आईने ती गुडघ्यावर ठेवून पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "उभं राहाची ढब त्यायचीच हाये." ती आकृती आता त्या घरात हार घालून टांगलेली आहे. त्या बाईंनी मला चहा केला. साखर जास्त घातली होती, तरी तो मला नीट गिळता आला नाही.

तेव्हापासून मी माणसांचे फोटो काढतो. तोंडाकडून. कलेच्या दृष्टीने त्यांत काही नसते, हे मला मान्य आहे. माणसे ताठ उभी राहतात, टोपी सरळ करतात, बायका पदर नीट करतात, पोरे श्वास धरतात. आम्ही त्यांना 'सहज राहा' म्हणून दटावतो. पण आपला चेहरा कसा मागे राहावा, याचा त्यांनी केलेला विचार आपल्यापेक्षा जुना असतो. सूर्य आता माझ्या मागे किंवा बाजूला असतो. दुपारचे कडक ऊन असेल तर मी लोकांना निंबाखाली घेतो. तिथला उजेड मऊ पडतो आणि डोळ्यांखाली काळे खड्डे येत नाहीत. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, फोटोंचा पूर आहे, मग ही यातायात कशाला, असे माझे सहकारी म्हणतात. त्यांचे बरोबर आहे. पण मोबाइल फुटतो, हरवतो, बदलतो आणि कागदावरचा फोटो ट्रंकेत राहतो. मी प्रत काढून देतो.

यासाठी मी पौष महिन्यातल्या रविवारी ऋणमोचनच्या यात्रेला जातो. पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. याच यात्रेत गाडगेबाबा हातात खराटा घेऊन झाडत असत, आणि लोकांच्या सोयीसाठी त्यांनी इथे नदीला घाट बांधवला. बाबांचा जन्मही इकडचाच, अंजनगावजवळच्या शेंडगावचा. आदल्या वर्षी काढलेल्या फोटोंच्या प्रती पाकिटात घालून मी घाटावर हिंडतो आणि चेहरे जुळवीत बसतो. मागच्या पौषात सव्वीस प्रती नेल्या होत्या. अकरा जण सापडले. एक भांडीवाला, दोघी बहिणी, एक वासुदेव. त्याने तर फोटो उलटा धरूनच पुष्कळ आशीर्वाद दिले. चौघांबद्दल कळले, की ते आता यायचे नाहीत. त्यांच्या गावच्या माणसांकडे प्रती दिल्या.

ऊन उतरता उतरता एक बाई पायऱ्यांवर भेटल्या. हिरवे लुगडे, तेच कुंकू, तोच हसरा चेहरा. मी मोठ्या खुशीने बारावी प्रत त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"हे मी नोहे दादा. हे माही बहीण हाये. ते औंदा आली नाही."

मी प्रत परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती आधीच कनवटीला लावली होती.