काँक्रीटच्या नदीत आठ फुटी रॉड

‘टर्मिनेटर 2’ बघितलाय ना? 1991 चा. एक पोरगा बाइकवरून सिमेंटच्या प्रचंड गटारातून जिवाच्या आकांताने पळतोय आणि मागे अजस्र ट्रक. तर ते गटार नाही बरं का! लॉस एंजेलिस नदीची ती एक उपनदी आहे. आणि मूळ नदीत, जिथे पाणी आहे तिथे, चक्क मासे आहेत. चांगले तीन-चार किलोचे. ते पकडायला लोक ऑफिस सुटल्यावर येतात. हातात रॉड, खांद्याला सॅक, काहींच्या गळ्यात अजून आयकार्ड!

ऑनसाइट गेलेल्या मराठी मंडळींचा एलएतला वीकेंड ठरलेला असतो. हॉलिवूडच्या पाटीसमोर फोटो, सांता मोनिकाचा समुद्र, युनिव्हर्सल स्टुडिओ आणि शेवटी आर्टेशियात जाऊन पाणीपुरी. नदी कुणाच्या यादीत नसते. खुद्द एलएच्या लोकांनाही आपल्या शहरात नदी आहे हे बरीच वर्षं आठवत नव्हतं. 1938 च्या महापुरानंतर लष्कराच्या इंजिनियर मंडळींनी 82 किलोमीटरच्या या नदीला जवळजवळ पूर्ण सिमेंटच्या पन्हाळीत कोंबलं. पूर गेला, नदीही गेली.

पण ग्लेनडेल नॅरोज या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी इतकं वर येतं की तळाला सिमेंट घालणं जमेना. काठ काँक्रीटचे, तळ मात्र दगडमातीचा राहिला. तिथे वाळुंज उगवले, बगळे आले, डोह तयार झाले. एका बाजूला फ्रीवेची घरघर, दुसरीकडे फ्रॉगटाऊनच्या गल्ल्या, आणि मध्ये पोटऱ्यांपर्यंतच्या पाण्यात शेपटी हलवत चिखल उकरणारा कार्प. आपल्याकडे मासळीबाजारात ‘सायप्रिनस’ म्हणून मिळतो, तोच हा.

तोही तिथला नाहीच. 1877 साली अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगाने तो जर्मनीहून मुद्दाम आणवला, लोकांना स्वस्तात खायला मिळावं म्हणून. पुढे तो एवढा पसरला की त्याचं नाव घेतलं तरी लोक नाकं मुरडायला लागले. फ्लाय फिशिंगवाले तर विचारूच नका. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी, ती फेकायला जड दोरी, असा हा नजाकतीचा खेळ, आणि तो ट्राऊटसाठीच असतो असा त्यांचा समज. गेल्या काही वर्षांत मात्र हवा फिरली. कारण कार्प जाम हुशार निघाला. त्याच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. तुम्ही काठावर बूट आपटलात की त्याला कळतं. (आपला महसीर याच कुळातला. त्याचा ताठा कुठून आला ते लक्षात आलं असेल.)

आता मुद्द्याचं. रॉड कुठला? दुकानात गेलात की पहिल्यांदा 9 फुटी रॉड हातात देतात. वाईट नाही. मोकळ्या तळ्यावर तोच घ्या. पण नॅरोजमध्ये डोक्यावर वाळुंजाच्या फांद्या, पाठीमागे सिमेंटचा उतार, त्याच्या वर सायकल ट्रॅक. मासा 6-7 मीटरवर. इथे लांब फेकायचंच नसतं, फांदीखालून आडवं फेकून त्याच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर माशी ठेवायची असते. अशा वेळी साडेसात-आठ फुटांचा रॉड हातात असला की फरक लगेच कळतो.

आणि मासा लागल्यावर तर कळतोच! रॉड म्हणजे तरफ, आणि तिचं लांब टोक माशाकडे असतं. रॉड जितका लांब तितका माशाचा जोर तुमच्या मनगटावर जास्त. आखूड रॉडने तुम्ही त्याला दाबून, वळवून, मुळांपासून आणि बुडालेल्या शॉपिंग ट्रॉलीपासून दूर खेचू शकता. हो, ट्रॉल्या असतात तिथे. नदी शहराची आहे शेवटी.

गंमत अशी की दुकानात ‘आखूड’ मागितलं की सेल्समन ओढ्यातल्या इवल्या ट्राऊटसाठीचा 3 नंबरचा लवचिक रॉड काढतो. त्याच्यावर कार्प म्हणजे स्कूटीला ट्रॉली जोडण्यासारखं. आखूड आणि दणकट अशी जात वेगळीच. बास नावाच्या माशाच्या स्पर्धांमध्ये एकेकाळी 8 फुटांवर रॉड चालत नसे, म्हणून कंपन्यांनी 7 फूट 11 इंचांचे मजबूत रॉड काढले. कार्पवाल्यांनी ते उचलले. फक्त त्यांच्यासोबतची दोरी जपून निवडा. 8 नंबरच्या साध्या दोरीचे पहिले 30 फूट 210 ग्रेन भरतात, म्हणजे तोळ्याहून थोडं जास्त. बासची दोरी 330 ग्रेनचीही असते. ती पाण्यावर चापट मारल्यासारखी पडते आणि कार्प गायब. माझं मत विचाराल तर 8 फूट, 7 किंवा 8 नंबर, बुंध्याला कडक, शेंड्याला थोडा नरम. चार तुकड्यांचा घ्या, बॅगेत मावतो.

माझा एलएतला मित्र मूळचा कोथरूडचा. लहानपणी मुठेत गळ टाकायचा, आता दर गुरुवारी इथे. संध्याकाळी सहाला त्याने मला गप्प उभं केलं. पाण्यात चिखलाचा एक ढग, त्यात सोनेरी पाठ. माशी पडली. काहीच झालं नाही. “अरे, त्याचं तोंड बघ, दोरी नको बघूस,” तो पुटपुटला. पांढरे ओठ क्षणभर उघडले, त्याने रॉड उचलला आणि रीलने किंचाळी फोडली. रॉड मुठीपर्यंत वाकला. सात मिनिटांत मासा जाळ्यात, फोटो, परत पाण्यात. पाण्याचा इतिहास बघता तो खायचा नाही, यावर इथल्या बहुतेकांचं एकमत.

कारण उन्हाळ्यात ही नदी वाहते ती मुख्यतः शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर. टिलमन प्लांटमधून सुटलं नाही तर डोह आटतील. आणि शहर तहानलेलं आहे. 2019 मध्ये महापौरांनी जाहीर केलं की 2035 पर्यंत एलएचं सगळं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं. ऐकायला छानच. मग नदीला किती सोडायचं? पक्षीवाले, कायाकवाले, फ्रॉगटाऊनचे रहिवासी सगळे हिशेब मांडून बसलेत. परदेशी माशासाठी पिण्याचं पाणी का सोडायचं, हा प्रश्नही चुकीचा नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इथे एकही मूळचा मासा सापडला नव्हता. पण पाणी गेलं तर वाळुंज जातात, बगळे जातात, आणि कधीकाळी इथे येणारा स्टीलहेड परत आणायचं स्वप्नही जातं. मित्राला विचारलं तेव्हा तो जाळं झटकत होता. म्हणाला, “पुढच्या गुरुवारी येतोस का? 16 वर्षांवरच्यांना लायसन्स लागतं, एक दिवसाचंही मिळतं. ऑनलाइन काढून ठेव.”