सैल गांठी

पाणी उकळूं लागलें म्हणजे तुटतें तें काय? हा प्रश्न आम्ही आमच्या वर्गांत दर वर्षीं विचारीत आलों आहों, आणि दर वर्षीं निदान चार तरी विद्यार्थी मोठ्या आत्मविश्वासानें सांगतात कीं, पाण्याचा रेणु फुटतो व त्यांतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन मोकळे होतात. हें उत्तर खरें असतें तर सकाळच्या चहाचें आधण ठेवणें हें मोठें जोखमीचें कर्म ठरलें असतें; कारण हे दोन वायु एकत्र मिसळून ज्वाळेजवळ आले कीं स्फोट व्हावयाचाच! सुदैवानें वाफ हेंहि पाणीच असतें. झांकणाच्या आंतल्या बाजूस जमलेले थेंब याची ग्वाही देतात.

मग तुटतें काय? रेणूच्या संसारांत बंध दोन प्रकारचे असतात. पहिला घरांतला. ऑक्सिजनचा एक अणु आणि हायड्रोजनचे दोन अणु इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सामाईक ठेवून एकत्र नांदतात. या सामाईक मालमत्तेची कल्पना अमेरिकन रसायनज्ञ गिल्बर्ट ल्यूइस यांनीं १९१६ सालीं मांडली. दुसरा बंध घराबाहेरचा. मालमत्ता सामाईक असली तरी ऑक्सिजन तिचा मोठा वांटा आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळें त्याच्या अंगीं किंचित् ऋण व हायड्रोजनच्या अंगीं किंचित् धन विद्युद्भार राहतो, आणि एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीस हायड्रोजन-बंध म्हणतात. लॅटिमर व रोडबुश या दोघांनीं १९२० मध्यें तिचें विवेचन केलें. घरांतला एक बंध तोडावयाचा तर, मोल या रसायनज्ञांच्या मापास, सुमारें ४६० किलोजूल ऊर्जा खर्ची पडते. शेजारचा बंध सुमारें २० मध्यें सुटतो. शिवाय द्रव पाण्यांत तो टिकतो तरी किती? सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या आसपास. एका शेजाऱ्याशीं सुटतो, दुसऱ्याशीं जुळतो. उकळण्यानें तुटतात त्या या सैल गांठी.

एवढ्या क्षणभंगुर गोष्टीची मातबरी ती काय, असें कोणासहि वाटेल. पण पाण्याचें गंधकवंशीय भावंड पाहावें. हायड्रोजन सल्फाइडचा रेणु पाण्याच्या रेणूहून जवळजवळ दुप्पट जड आहे. तरी त्याच्यांत हा शेजारधर्म फारसा नसल्यामुळें तो शून्याखालीं ६० अंशांवरच उकळून वायु होतो. या कुळाच्या क्रमानें चालतें तर पाणी शून्याखालीं ८० च्या सुमारास उकळावयास हवें होतें. मग समुद्र नाहीं, नदी नाहीं, डोळ्यांतलें पाणीहि नाहीं! एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात. परंतु त्याच शंभर अंशांवरील पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० लागतात. हा सारा खर्च शेजाऱ्यांची ताटातूट करण्याचा. उन्हाळ्यांत माठांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातांना हाच खर्च आंतल्या पाण्याकडून वसूल करतें, म्हणून तें गार होतें.

विद्युद्भाराची अशी विषम वांटणी नसलेल्या रेणूंतहि एक ओढ असते. हॉलंडच्या व्हान डर वाल्स यांनीं १८७३ च्या आपल्या प्रबंधांत वायूंचें वर्तन उलगडतांना ती गृहीत धरली. फ्रिट्स लंडन यांनीं १९३० मध्यें तिची मीमांसा केली. एकेका रेणूपुरती पाहिली तर ती हायड्रोजन-बंधाहूनहि क्षीण. पण दिवेलागणीस भिंतीवर येणारी पाल पाहावी. पालीच्या कुळांतील प्राण्यांच्या तळव्यांवर लक्षावधि सूक्ष्म केस असतात, त्या केसांस शेंकडों टोंकें फुटलेलीं असतात, आणि प्रत्येक टोंक याच क्षीण ओढीनें भिंतीस धरतें, असें अमेरिकन संशोधकांनीं २००२ सालीं प्रयोगानें दाखविलें. केसांचा कोन बदलला कीं पकड सुटते. डिंकानें चिकटविलेली पाल भिंतीवर राहिली असती खरी, पण तिला धांवतां आलें नसतें.

आम्ही ज्या घरांत वाढलों तेथें नात्यांची चर्चा होई ती रक्ताच्या आणि लग्नाच्या. विरजण मागावयास आलेली शेजारीण, जिन्यांत "काय म्हणतां?" असें विचारून उत्तराची वाट न पाहतां पुढें जाणारे गृहस्थ, यांची गणना कोणी नात्यांत करीत नसे. त्या वेळीं तीं माणसें अवतीभोवतीं होतींच. जें आहे त्याची गणना कशाला? आतां आम्ही ज्या इमारतींत राहतों तेथें प्रत्येक घर आपापल्या जागीं अखंड आहे, प्रेमळ आहे, आणि दार लावलेलें आहे. वाफेचा रेणु असाच असतो. त्याच्या घरांतले दोन्ही बंध शाबूत असतात. त्यास शेजार तेवढा उरलेला नसतो. आणि एकटा रेणु ओला नसतो. ओलावा हा रेणूंच्या शेजाराचा गुण आहे.

गेल्या वर्षीं आमच्या खालच्या मजल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ न्हाणीघरांत पाय घसरून पडले. पत्नी मागेंच निवर्तलेली, मुलगा परदेशीं. मुलगा गुणी आहे; रोज रात्रीं न चुकतां फोन करतो. आदल्या रात्रींहि त्यानें केला होता, आणि पुढचा फोन यावयास बारा तास अवकाश होता. त्या सकाळीं दुधवाल्यास दारावर आदल्या दिवसाची पिशवी तशीच लोंबकळत असलेली दिसली. त्यानें आमची घंटा वाजविली, म्हणून दार उघडविलें गेलें आणि गृहस्थ वांचले. दुधवाल्यास त्यांचें पूर्ण नांव ठाऊक नव्हतें. मुलाच्या प्रेमांत रतिभर उणें नव्हतें. परंतु त्या घटकेस जो बंध उपयोगीं पडला तो विसांतला, चारशें साठांतला नव्हे.

उपमा फार ताणूं नये, असें आम्हीच विद्यार्थ्यांस बजावतों. रेणूंस माया नसते, आणि दुधवाला म्हणजे हायड्रोजन नव्हे. तथापि एक गोष्ट मनांतून जात नाहीं. उष्णता म्हणजे रेणूंची धांवपळ. ती वाढत वाढत अशा थरास जाते कीं जवळून जाणाऱ्या शेजाऱ्यास धरून ठेवणें रेणूस साधत नाहीं, आणि पाण्याची वाफ होते. तेथें भांडण नसतें, द्वेष नसतो. असते ती केवळ घाई. आमच्या पिढीनें मुलांस धांवावयास शिकविलें, तें कांहीं वाईट केलें नाहीं. त्यांच्या धांवण्यावरच आमचीं घरें चाललीं आहेत. पण वाफ निवली कीं तिचें पुन्हा पाणी होतें, हेंहि त्याच शास्त्रांत लिहिलें आहे, आणि आमच्या वयास निवण्याची सवड असते.

सध्यां आम्ही आठवड्यांतून एकदां खालच्या मजल्यावर वाटी घेऊन विरजण मागावयास जातों. घरीं विरजण असतें, ही गोष्ट निराळी.