हिशेब न लागणारी जागा

छोट्या ऑफिसांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. नुसती डिस्क जोडून तिथे भागत नाही, ती एखाद्या फोल्डरवर माउंट करावी लागते. तो फोल्डरच नसेल तर माउंट पॉइंट अस्तित्वात नाही, असा निरोप देऊन कमांड थांबते. म्हणून आधी एमकेडिर आणि मग माउंट, ही बोटांना लागलेली सवय.

हल्ली तिची गरज उरलेली नाही. एफएसटॅबच्या ओळीत ‘एक्स-माउंट.एमकेडिर’ लिहिलं की नसलेला फोल्डर माउंट स्वतःच तयार करतं, ०७५५ परवानग्यांसकट. नव्या आवृत्त्यांत डॅश एम दिलं तरी तेच होतं. सिस्टमडीचं माउंट युनिट तर न सांगताच फोल्डर काढतं. सोय झकास आहे, पण असा काढलेला फोल्डर डिस्क गेली तरी जागेवरच राहतो.

एका ऑफिसातून अकाउंटंट काकांचा फोन आला. ‘‘अहो, बॅकअप रोज होतोय, तरी सर्व्हर म्हणतो जागा नाही. असं कसं?’’

गेलो. डीएफ मुख्य डिस्क शंभर टक्के भरलेली दाखवत होतं. त्याच डिस्कवर मुळापासून डीयू चालवलं, तर जेमतेम निम्म्याचा हिशेब लागला. अशा वेळी पहिला संशय पुसलेल्या पण कुणीतरी अजून उघड्या ठेवलेल्या लॉग फाइलींवर जातो. एलसॉफ लावून पाहिलं, तसलं काही नव्हतं. मग मूळ फाइल सिस्टम दुसऱ्या फोल्डरवर बाइंड माउंट केली आणि तिथून बॅकअपच्या फोल्डरात शिरलो. सगळा ढिगारा तिथे पडलेला. बॅकअपच्या डिस्कखाली झाकला गेला होता, म्हणून डीयूला दिसत नव्हता.

बाहेरच्या डिस्कची केबल सैल होती. एका रीस्टार्टला ती सापडली नाही. एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ असल्याने सर्व्हर न कुरकुरता सुरू झाला. रात्री आरसिंकला फोल्डर दिसला, त्याने तो भरायला घेतला, म्हणजे मुख्य डिस्कच. पुढे कुणीतरी केबल घट्ट करून डिस्क पुन्हा माउंट केली आणि खालच्या फाइली दिसेनाशा झाल्या. यात चुकीची कमांड एकही नाही, हेच मला छळतं.

ढिगारा साफ केला. मग डिस्क उतरवून रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर प्लस आय’ लावलं. आता त्यात रूटलासुद्धा लिहिता येत नाही; वर डिस्क माउंट करायला मात्र काही अडत नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच ‘माउंटपॉइंट’ कमांडची तपासणी घातली. डिस्क नसेल तर थांबायचं आणि मला मेल टाकायची.

बॅकअपच्या डिस्कचा फोल्डर मी हातानेच काढतो. एमकेडिरचा पर्याय वापरतो तो चाचणीच्या मशिनवर, जिथे काही बिघडलं तर पुसून पुन्हा उभं करता येतं. डॉकरमध्येही डॅश व्ही टाळतो. होस्टवरचा रस्ता चुकीचा लिहिला तर ते निमूटपणे तिथे रिकामा फोल्डर काढतं आणि कंटेनर कोऱ्या डेटावर सुरू होतो. ‘डॅश डॅश माउंट’ तिथेच एरर देतं.

काकांच्या ऑफिसातली केबल अजून तीच आहे. नवी घ्या म्हटलं तर म्हणतात, ‘‘तुमची मेल येते ना? मग झालं.’’